पदकाच्या फितीतून रंग घ्या: वीर जवानांच्या स्मरणार्थ मेकअप कसा करावा

जुलै उजाडला की सोलापुरातल्या पार्लरच्या क्लासेसमध्ये आणि कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळांत देशभक्तीपर मेकअपची तयारी सुरू होते. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, पाठोपाठ १५ ऑगस्ट. मग डिसेंबरात ७ तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ तारखेला १९७१ च्या युद्धाचा विजय दिवस आणि त्याच सुमारास शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं. दर वेळी बहुतेक चेहरे सारखेच रंगतात: दोन्ही गालांवर तिरंगा, कपाळाला पट्टी, ओठाच्या कडेला खोटं रक्त. करणाऱ्या मुलींच्या मनात आदर असतो, याबद्दल मला जराही शंका नाही. पण हा चेहरा नेमका कोणाच्या आठवणीत रंगवला आहे, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही.

म्हणून मी विद्यार्थिनींना एकच पद्धत शिकवते. आधी एक जवान निवडायचा, त्याचं नाव, हुद्दा, पलटण, दिवस वाचून घ्यायचा आणि चेहऱ्यावरचे रंग त्याच्या पदकाच्या फितीतून घ्यायचे. शौर्यपदकं छातीवर ज्या कापडी फितीला लावतात, त्या प्रत्येक फितीचे रंग ठरलेले आहेत. ते मोजके आहेत, एकमेकांशी जुळणारे आहेत आणि डोळ्यांच्या मेकअपसाठी तर फार सुंदर आहेत.

आधी नाव, मग रंग

परमवीर चक्राची फीत पूर्ण जांभळी असते, तिच्यावर एकही रेघ नाही. पदक कांस्याचं. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने त्या युरोपीय. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून मराठी घरात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. पदकाच्या मधोमध राजमुद्रा आहे आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी देऊन जे वज्र घडू दिलं, तेच हे वज्र. आतापर्यंत २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर.

महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी नारिंगी. ही तिन्ही युद्धकाळातली पदकं. शांतताकाळातल्या शौर्याच्या तीन फिती हिरव्या असतात. अशोक चक्राच्या फितीवर मधोमध एक केशरी रेघ, कीर्ती चक्राच्या दोन, शौर्य चक्राच्या तीन.

आपल्या जिल्ह्यात असे कितीतरी जवान होऊन गेले ज्यांची आठवण गावाने जपली आहे. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी २९ नोव्हेंबर २०१६ रोजी नगरोट्यातल्या दहशतवादी हल्ल्यात धारातीर्थी पडले. गावातल्या एखाद्या जवानासाठी मेकअप करायचा असेल आणि पदकाची नक्की माहिती हाती नसेल, तर ध्वजदिनाचे तीन रंग घ्यावेत: लाल, गडद निळा, फिकट आकाशी. अनुक्रमे भूदल, नौदल आणि वायुदल. अंदाजाने कोणाच्या नावापुढे पदक लावायचं नाही. आणि घरचे हयात असतील, तर कार्यक्रमाआधी त्यांना भेटून विचारायचं. नाव घेऊ का, फोटो लावू का, चालेल का? नको म्हणाले तर तिथेच थांबायचं, कारण विचारायचं नाही.

काय करायचं नाही

राष्ट्रध्वज चेहऱ्यावर रंगवू नका. ध्वजसंहिता २००२ आणि राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा ध्वजाच्या वापराबद्दल काटेकोर आहेत. कायद्याचा कीस न काढताही एक साधी गोष्ट पाहा. चेहऱ्याला घाम येतो, रंग ओघळतो आणि कार्यक्रम संपला की आपण तो चेहरा कापसाने पुसून कचऱ्यात टाकतो. अशोकचक्रासकट ध्वज तिथे काढणं मला पटत नाही. केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग मात्र मोकळेपणाने वापरा.

सैन्याचा खरा गणवेश, हुद्द्याची चिन्हं, पदकांच्या प्रतिकृती घालू नका. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी गणवेश घालणं हा गुन्हा आहे. शिवाय लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या ठिपक्यांच्या गणवेशाचं कापड खुल्या बाजारात विकायला परवानगी नाही. साधी पांढरी किंवा मेंदी रंगाची साडी, कुर्ता, खादी पुरेशी असते.

खोटं रक्त, जखमा, गोळीचं भोक ही कौशल्याची कामं आहेत हे मला ठाऊक आहे. मीही ती शिकवते. पण ती नाटकासाठी. समोरच्या रांगेत एखादी वीरमाता बसलेली असताना तिच्या मुलाचा शेवटचा क्षण आपण रंगवून दाखवू नये.

सामान

नवी पेठेत किंवा टिळक चौकाच्या आसपास मेकअपचं बहुतेक सामान मिळतं. घाईत हाताशी येईल ते लावू नका. पोस्टर कलर, ॲक्रिलिक, फॅब्रिक पेंट, रांगोळी, गुलाल यांतलं काहीही चेहऱ्यासाठी बनवलेलं नसतं. स्वस्त शेंदरात शिसं असू शकतं, तो डोळ्यांजवळ तर मुळीच नको. हस्तकलेची चमकी पापणीवर लावली तर तिच्या कडा बुबुळाला ओरखडे काढतात. मेकअपसाठी म्हणून विकली जाणारी बारीक चमकीच घ्या.

लागणारं सामान असं: पाण्याने भिजवून लावायचे फेस पेंट (पांढरा, केशरी, गडद निळा, हिरवा), मॅट आयशॅडोची एक चांगली पॅलेट, कांस्य छटेची एक आयशॅडो, आय प्रायमर (पापणीवर रंग टिकावा म्हणून आधी लावायचा थर), त्वचेच्या रंगाचा कन्सीलर (डाग झाकणारा), पारदर्शक लूज पावडर, सेटिंग स्प्रे, जेल लायनर आणि काजळ. ब्रशमध्ये एक फ्लफी, एक चपटा, एक कोनातला आणि एक अगदी बारीक लायनर ब्रश. सरळ रेघांसाठी कागदी टेप. मनगटावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी केल्याशिवाय ती पापणीजवळ नेऊ नये.

जांभळा आणि लाल रंग घेताना डबीवरचं बारीक अक्षर वाचा. या रंगांतल्या काही रंगद्रव्यांवर ती डोळ्यांच्या भागासाठी नाहीत असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर तो रंग गालाला चालेल, पापणीला नाही.

आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा रंग लावून २४ तास पाहा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो रंग बाद.

त्वचेची तयारी

सोलापूरच्या हवेत हा टप्पा घाईने उरकला तर पुढचं सगळं वाहून जातं. पावसाळ्यात सभागृहात दमट उकाडा असतो आणि पंख्याखाली घाम सुकत नाही. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून कोरडा करा, हलकं जेल मॉइश्चरायझर लावा आणि दहा मिनिटं थांबा. मग प्रायमर फक्त नाकाच्या कडा, कपाळ आणि पापण्यांवर. फाउंडेशन पातळ थरात, ओल्या स्पंजने थापत. जाड पॅनकेक (दाबून घट्ट केलेला नाटकी बेस) लावायचा मोह टाळा. तो घामाने फाटतो आणि भेगांतून त्वचा दिसते. पातळ थर, त्यावर पावडर, मग सेटिंग स्प्रे, पुन्हा थोडी पावडर, असा क्रम ठेवला की दोन-तीन तासांचा कार्यक्रम निभावतो.

आणि बेस स्वतःच्या त्वचेच्या रंगाचाच असावा. गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ बेस लावून वर केशरी-पांढरे रंग दिले की चेहरा राखाडी दिसतो. आपल्या सैन्यात कोकणापासून लडाखपर्यंतच्या सगळ्या रंगांची माणसं आहेत. गोरं दिसण्याचा या स्मरणाशी काही संबंध नाही.

परमवीर चक्र: जांभळा डोळा

हा मेकअप सविस्तर सांगते, कारण यावर हात बसला की बाकीचे सोपे जातात. उदाहरणासाठी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागातल्या बसंतरच्या लढाईत स्वतःचा रणगाडा पेटलेला असतानाही ते मागे फिरले नाहीत. वय २१ वर्षं. कॉलेजच्या मुलींना मी मुद्दाम हेच नाव देते. तो त्यांच्याच वयाचा होता.

१. पापणीवर आय प्रायमर लावून एक मिनिट सुकू द्या. त्यावर कन्सीलरचा अगदी पातळ थर, मग पावडरचा हलका हात. जांभळा रंग ओलसर जागी डाग धरतो, म्हणून पापणी कोरडी हवी.

२. सावळ्या त्वचेवर जांभळा थेट लावला तर तो तपकिरी वाटतो. आधी पापणीवर फिक्या लव्हेंडर रंगाची मॅट आयशॅडो चपट्या ब्रशने दाबून बसवा. घासायचं नाही, दाबायचं.

३. आता खरा जांभळा. पापण्यांच्या केसांपासून सुरुवात करून पापणीच्या घडीपर्यंत दाबत जा. घडीच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर तो न्या, म्हणजे डोळा उघडा असतानाही दिसेल. फितीवर एकही रेघ नाही, म्हणून इथे दुसरा रंग मिसळायचा नाही आणि चमकीही नाही. सगळा डोळा एकाच रंगाचा. विद्यार्थिनींना हे रिकामं वाटतं आणि हात आपोआप सोनेरीकडे जातो. तो आवरा. या मेकअपचं बळ त्या एकाच रंगात आहे.

४. वरची कड स्वच्छ फ्लफी ब्रशने गोल फिरवत मऊ करा. बाहेरच्या कोपऱ्यात मात्र टेप लावून कड सरळ ठेवा, कापडी फितीची असते तशी.

५. पदकाचं कांस्य खालच्या पापणीला. कोनातल्या ब्रशने केसांच्या मुळाशी बारीक रेघ, आतल्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत. वज्राचं सूचन करायचं असेल तर बाहेरच्या कोपऱ्याखाली कांस्य रंगाचे चार छोटे ठिपके द्या. राजमुद्रा काढू नका.

६. वरच्या पापणीला काळी बारीक रेघ, शेपटी न काढता. काजळ आत. मस्कारा पाण्याने न उतरणारा, कारण अशा कार्यक्रमांत डोळे भरून येतात.

७. बाकी चेहरा शांत ठेवा. गालावर अगदी हलका मातकट रंग, ओठांवर त्वचेच्या जवळची मॅट छटा. कपाळाला रोजची टिकली असेल तर ती राहू द्या.

हातात सराव असेल तर पाऊण तास लागतो. पहिल्यांदा करताना दुप्पट वेळ धरा आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका.

अशोक चक्र: हिरव्यावर एक केशरी रेघ

सोलापूरकरांना हा मेकअप जवळचा वाटेल. आपल्या शहराचे पोलीस आयुक्त राहिलेले अशोक कामटे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. ते पोलीस दलातले, सैन्यातले नव्हे, पण फीत तीच. त्याच हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये लढताना वीरगती मिळालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या पदकाचीही तीच. सोलापुरात आजही कामटे साहेबांचं नाव निघालं की लोक भरभरून बोलतात. कार्यक्रमात हा मेकअप ठेवला तर प्रेक्षकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यात कसरत फक्त रेघेची आहे. केशरी आणि हिरवा एकमेकांत मिसळले की चिखल होतो. म्हणून आधी रेघ, मग हिरवा. आरशात सरळ पाहा, बुबुळाच्या बरोबर वर पापणीवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. खुणेवर पांढऱ्या फेस पेंटची तीन-चार मिलिमीटर रुंद उभी पट्टी, केसांच्या मुळापासून भुवईच्या हाडापर्यंत. ती पूर्ण सुकली की तिच्यावर केशरी. खाली पांढरा दिला नाही तर केशरी विटकरी दिसतो. मग पट्टीवर कागदी टेप ठेवून दोन्ही बाजूंना गडद हिरवी मॅट आयशॅडो दाबून बसवा. टेप वरून खाली, हळू काढा. कड कुठे हलली असेल तर कन्सीलरमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने दुरुस्त करा.

शौर्य चक्रासाठी अशाच तीन रेघा समान अंतरावर लागतात. सातारा जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक यांना ते २०१५ च्या कुपवाड्यातल्या बलिदानानंतर मिळालं. तीन रेघा लहान पापणीवर गर्दी करतात, म्हणून तिथे पापणी साधी हिरवी ठेवून रेघा गालाच्या हाडावर घ्या.

महावीर आणि वीर चक्र

हे दोन पटकन सांगते. दोन्हींत पापणी उभी अर्धी विभागायची: आतली बाजू एका रंगाची, बाहेरची दुसऱ्या. महावीर चक्रासाठी पांढरा आणि नारिंगी. पांढरा म्हणजे शुभ्र नको, मोतिया घ्या, तो आपल्या त्वचेवर खडूसारखा दिसत नाही. नौदलाची आठवण करायची असेल तर हाच घ्यावा. ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वीर चक्रासाठी बाहेरचा अर्धा भाग गडद निळा करा. तो डोळ्याला खोली देतो.

कारगिलची रात्र

२६ जुलैसाठी एखादीला मोठं काम करायचं असेल तर हे करावं. १९९९ च्या त्या लढाईत आपल्या जवानांनी बहुतेक चढाया रात्री केल्या, कारण शत्रू वर बसलेला होता आणि उजेडात उघड्या कातळावर आडोसा नव्हता. टायगर हिलची उंची साडेसोळा हजार फुटांच्या आसपास. तेव्हा मेकअपचा रंग रात्रीचा.

एका भुवईपासून कानशिलापर्यंत आणि खाली गालाच्या हाडापर्यंत गडद निळा फेस पेंट ओल्या स्पंजने थापा. वर गडद, खाली येताना विरळ. सुकल्यावर पापणीच्या घडीची रेघ हीच डोंगराची कड धरा. काळ्या जेल लायनरने घडीवर दातेरी शिखरं काढा, बाहेरच्या बाजूला उंच होत जाणारी. शिखरांच्या एका बाजूला बारीक ब्रशने राखाडी-पांढरा बर्फ. कानशिलाकडे पांढरे ठिपके, तारे म्हणून, थोडेच. सर्वांत उंच शिखरावर झेंडा काढायचा मोह होईल. त्याऐवजी तिथे केशरी रंगाचा एक बारीक ठिपका द्या. उरलेला अर्धा चेहरा स्वच्छ, मेकअप नसल्यासारखा.

लष्करी पद्धतीचा, चेहरा लपवणारा रंग कोणी मागितला तर त्यामागचं शास्त्रही शिकवा. आपण कंटूर करताना, म्हणजे चेहऱ्याला उठाव देताना, उंच भाग उजळ आणि खोलगट भाग गडद करतो. जवान नेमकं उलटं करतात: कपाळ, नाक, गालाची हाडं गडद; डोळ्यांखालच्या आणि हनुवटीखालच्या सावल्या फिक्या. चेहरा चेहऱ्यासारखा दिसू नये म्हणून.

वीरपत्नी, वीरमाता साकारताना

समूहनृत्यांत आणि मूकनाट्यांत हे पात्र हमखास असतं आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, विस्कटलेले केस, गालांवर काजळाचे ओघळ: हे दृश्य बंद करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे कितीतरी गावांनी तो उचलला. गावं ज्या प्रथा सोडत आहेत, त्या आपण रंगमंचावर टाळ्यांसाठी पुन्हा उभ्या का करायच्या? कर्नल महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. वीरपत्नीचा चेहरा रंगवताना तो चेहरा डोळ्यांपुढे ठेवा.

तंत्र असं. बेस अगदी हलका, त्वचेचा पोत दिसू द्या. डोळ्यांखाली कन्सीलर कमी, म्हणजे जागरणाची छाया राहते. काळा रंग फासायची गरज नाही. खालच्या पापणीच्या कडेला विटकरी छटेची बारीक रेघ फिरवली की डोळे रडून थांबल्यासारखे दिसतात. कपाळावर कुंकू ठसठशीत. वीरमातेसाठी सुरकुत्या काढताना पात्र करणाऱ्या मुलीला आधी भुवया आवळायला, मग हसायला सांगा. घड्या जिथे पडतात तिथेच तपकिरी रेघ आणि तिला लागून उजळ रेघ. केसांत पांढरा रंग कानशिलांपासून, ब्रशने तुटक. हातांचाही मेकअप करा, नाहीतर साठीचा चेहरा आणि विशीचे हात दिसतात.

दिव्यांचा हिशोब

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात पार्लरच्या आरशातले रंग टिकत नाहीत. पिवळ्या झोतात जांभळा आणि निळा काळपट पडतात, तेव्हा ते एक छटा उजळ घ्या. निळ्या झोतात केशरी मरतो; प्रकाशयोजना करणाऱ्या दादांना आधीच सांगून त्या प्रवेशाला पांढरा झोत मागून घ्या. रंगीत तालमीला मेकअप करून मागच्या रांगेत बसून पाहा. तिथून रेघ दिसत नसेल तर ती रुंद करा. मोबाईलवर फोटो काढायचे असतील तर खिडकीच्या उजेडात काढा आणि फिल्टर बंद ठेवा, तो फितीचे रंग बदलून टाकतो.

१२ जानेवारीचा कार्यक्रम वेगळा

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. ते स्वातंत्र्यलढ्यातले, १९३० च्या मार्शल लॉच्या काळातले. त्यांच्या स्मरणात लष्करी हिरवा किंवा पदकांच्या फिती आणू नयेत. तिथे खादीचा पांढरा, मातकट छटा आणि चार व्यक्तींसाठी चार वेगळे चेहरे हवेत. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची गडबड त्याच दिवसांत असते, म्हणून तालमी डिसेंबरातच उरका.

नावाची पट्टी आणि रंग उतरवणं

प्रत्येक कलाकाराच्या हातात किंवा साडीच्या पिनेला एक छोटी पट्टी असावी: हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, दिनांक, ठिकाण. सगळा तपशील दोन ठिकाणी पडताळून मगच छापा. एकीने तरी ती माहिती दोन वाक्यांत तोंडपाठ सांगता यायला हवी, कारण प्रेक्षक विचारतात.

मेकअप उतरवताना डोळ्यांवर तेलकट रिमूव्हर भिजवलेला कापूस अर्धा मिनिट ठेवा, मग खाली ओढा. जांभळा आणि निळा घासून काढला तर त्वचेवर दोन दिवस डाग राहतो. फेस पेंट आधी कोमट पाण्याने, उरलेला खोबरेल तेलाने. शेवटी सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. ब्रश त्याच रात्री शाम्पूने धुऊन आडवे वाळवा आणि एकीचा लायनर, मस्कारा दुसरीला लावू नका. समूहाच्या कार्यक्रमात डोळे येण्याची साथ तिथूनच पसरते.